ते पेपर वाचायला येतात

मध्यंतरी एका माणसाने पाऊण तास उलटसुलट प्रश्न विचारून मला नापास केलं, आणि त्या माणसाचा त्या घराशी सुतराम संबंध नव्हता. हे मला पाऊण तास संपल्यावर कळलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात, आणि जळगावात जून महिन्यात कानशिलं तशीही तापलेलीच असतात, म्हणजे विचार करा.

मागची कथा थोडक्यात. बीएस्सी करून दोन वर्षं कंपनीत शिफ्टा मारल्या, मग एमएस्सीची खाज सुटली, जळगावला विद्यापीठात केमिस्ट्रीला नंबर लागला. हॉस्टेलचा फॉर्म भरलाय, पण नानांचं म्हणणं की एक खोली हाताशी धरून ठेव, ऐनवेळी कोण विचारतं. आम्ही दोंडाईच्याचे. मग व्हॉट्सॲपवर एक जाहिरात फिरत आली, 'विद्यापीठाजवळ, खोटेनगर, सिंगल रूम, हवेशीर, भाडे ३५००', सोबत खोलीचा एक फोटो, त्यात हिरवी बादली आणि खिळ्याला लटकलेलं मागच्या वर्षीचं कॅलेंडर. आता विद्यापीठ आहे गिरणेच्या पलीकडे बांभोरीला आणि खोटेनगर अलीकडे, म्हणजे 'जवळ' या शब्दात एक अख्खी नदी पुलासकट बसवली होती. पण फोन लावला तर काकू गोड बोलल्या, या म्हणे कधीही, आम्ही घरीच असतो. मी कसली शहानिशा न करता मंगळवारी पहाटे सुरत-भुसावळ पॅसेंजर धरली. वस्तीचं नावच खोटेनगर आहे हो, अजून किती स्पष्ट सांगायचं माणसाला.

साडेदहाला पोचलो. लोखंडी गेटला पत्र्याची पाटी, 'रूम भाड्याने देणे आहे'. आत पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ, पांढरा पायजमा, बनियन, डोक्यावर ओला रुमाल, हातात पेपर. निधनवार्तांचं पान उघडलेलं. आता मला सांगा, दुसऱ्याच्या पोर्चमध्ये बनियनवर कोण बसतं? मी धरून चाललो की मालक हेच.

"काका, खोलीसाठी आलो होतो."

पेपर बोटभर खाली आला. "बस."

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. पायरीवर बसलो तर पायरी तव्यासारखी, लगेच उठलो, शेवटी स्वतःच्याच बॅगेवर बसलो.

"कुठला?"

"दोंडाईचा."

"म्हणजे मिरचीवाले." हे असं म्हणाले जसं काही मिरची मीच शोधून काढली. "आडनाव?"

"पाटील."

"कोणते पाटील?"

खानदेशात हा प्रश्न ठरलेला असतो, कारण आमच्याकडे पाटील हे आडनाव कमी आणि जत्रा जास्त आहे. मराठे पाटील आहेत, लेवा पाटील आहेत, गुजर पाटील आहेत, आणखीही आहेत, एका वर्गात बारा पाटील असले तर मास्तर गावाच्या नावाने हाक मारतात. पण खोली भाड्याने देताना 'कोणते' विचारणारा माणूस गावाचं नाव विचारत नसतो हे त्यालाही माहीत आणि मलाही. मी म्हटलं, "सातबाऱ्यावरचे."

ते हसले नाहीत. पेपरच्या कडेला पेनाने काहीतरी खरडलं. (नंतर हळूच पाहिलं, शब्दकोडं सोडवत होते. पण त्या क्षणी मला वाटलं मार्क देतायत.)

"काय शिकणार?"

"एमएस्सी. केमिस्ट्री."

"खोलीवर ते बाटल्या-बिटल्या, ॲसिड वगैरे आणणार?"

"नाही हो, ते सगळं लॅबमध्ये असतं."

"मागे एकानं आणलं होतं." कोणी, कधी, काय आणलं होतं याचा खुलासा नाही. नुसतं आणलं होतं. मग एकदम सूर बदलला. "मी काय म्हणतो, एवढं शिकून करणार काय? आता तुमच्या विद्यापीठाला नाव कोणाचं हाय?"

"बहिणाबाईंचं."

"बहिणाबाई शाळेत गेल्या होत्या?"

"नाही."

"लिहिता येत होतं?"

"नाही. त्या ओव्या म्हणायच्या, उतरवून घ्यायचे दुसरे."

"मंग!"

आता या 'मंग'ला काय उत्तर द्यायचं? विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, २०१८ला त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं, या मधल्या अठ्ठावीस वर्षांत कुणाच्या डोक्यात हा युक्तिवाद आला नसेल. इथे जवळच्याच असोद्याची माहेरवाशीण, अक्षरओळख नसलेली बाई, तिच्या नावाच्या पदव्या आम्ही घेणार, आणि हा माणूस त्याच बाईला साक्षीदार करून मला घरी पाठवायला निघाला होता. मनातल्या मनात मी दाद दिली. तोंडाने म्हटलं, "काका, खोली जरा दाखवता का?"

"दाखवू ना. घाई कायची हाय. बॅगेत काय?"

"कपडे. अन् डबा."

"डब्यात काय?"

इथे मी चुकलो. खोटं बोलायला हवं होतं. पण मायने पहाटे चारला उठून दशम्या केल्या होत्या, दुधातल्या, आणि सोबत लाल मिरचीचा ठेचा, आणि मला वाटलं की मालक खूश झाला तर डिपॉझिटमध्ये दोनेक हजार कमी करेल. डबा उघडला. काकांनी पेपरची घडी मांडीवर पसरली, निधनवार्तांवरच दशमी ठेवली, तिच्या मधोमध ठेच्याचा गोळा, सुरळी केली, आणि दोन घासांत संपवली. दुसरी घेतली. तिसरीच्या वेळी ठसका लागला, असा लागला की डोक्यावरचा रुमाल खाली पडला, डोळ्यांतून पाणी, मी धावत बाटली दिली, पाठ चोळली. दम परत आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हे पाहाय. हेच म्हणत होतो मी. तू इथं फोडणी देणार अन् गल्ली खोकणार."

म्हणजे माझाच ठेचा खाऊन माझ्याच विरुद्ध पुरावा.

"मी मेस लावणार आहे, काका."

"सगळे असंच म्हणतात. मंग महिन्याभरात शेगडी येते. मटण?"

"घरी खातो. इथं नाही करणार."

"अंडं?"

"अंडं… बाहेर."

"शेवभाजी?"

शेवभाजीवरही बंदी असू शकते? जळगावात? मी म्हटलं, शेवभाजी तर खाणारच, तेवढं माफ करा. त्यावर ते प्रथमच मवाळ झाले आणि पंधरा मिनिटं कुठल्या ढाब्यावर कोणत्या साली कशी शेवभाजी मिळायची, तर्री कशी बोटभर असायची, आता शेवच मऊ पडते, जाड शेव कोणी घालतच नाही, हे सांगत बसले. मीही ऐकत बसलो. बॅगेवर. ऊन पायरी चढून माझ्या चपलेपर्यंत आलं होतं.

मग लग्न. झालं का, का नाही, करणार का, शिक्षण संपेपर्यंत कोण थांबतं, पोरीवाले नोकरी विचारतात, शेतकऱ्याच्या पोराला कोण देतं. हा विषय माझ्या घरात रोज असतो, त्यासाठी मला शंभरावर किलोमीटर यायची गरज नव्हती.

शेवटी करारावर आलो. "अकरा महिन्यांचा कागद. नोटरी करून घ्यायची. अकराच महिन्याचा करायचा, म्हणजे रजिस्टरची भानगड नाही."

इथे माझा शहाणपणा उफाळून आला. आदल्या रात्री मी मोबाईलवर सगळं वाचून ठेवलं होतं ना. म्हटलं, "काका, तसं नाहीये. महाराष्ट्रात १९९९चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि रजिस्टर करावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केला तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद."

'कैद' म्हणायला नको होतं.

काकांनी चष्मा काढला. "तू वकील?"

"नाही."

"मंग वकिली कामून करतो? दोन जणांना खोली देऊ नये, एक वकील अन् दुसरा पोलीस. तू तर अजून कायीच नाही अन् आतापासून कैद." पेन खिशाला लावलं. माझा निकाल लागला होता.

तरी मी निर्लज्जासारखा म्हणालो, "एकदा खोली तर बघू द्या."

"चावी माझ्याकडं कुठं हाय?"

"मग कोणाकडे आहे?"

"घरवाल्यांकडं."

"…तुम्ही?"

"मी मागच्या गल्लीतला. पेपर वाचायले येतो."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की रागवायचं कुणावर तेच कळेना. तेवढ्यात काकू स्कूटीवर भाजी घेऊन आल्या. मला बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "अगंबाई, खोलीसाठी आले का? अहो ती तर रविवारीच गेली. पाटी काढायची राहिली बघा. चहा घेता?"

रविवारी. मी बोललो होतो शनिवारी. फोन माझ्या नंबरवरून त्यांच्या नंबरवर गेला होता, तसाच उलटा येऊ शकतो, त्यासाठी वेगळी लाईन टाकावी लागत नाही. पण मी काही बोललो नाही, चहा घेतला, कारण घसा कोरडा पडला होता आणि पाणी काकांनी संपवलं होतं. काका पेपरची घडी घालत म्हणाले, "मले माहीत होतं, गेली ते."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं का? अन् पोरगं एवढ्या उन्हात आलं, आल्या पावली परत धाडायचं, बरं दिसतं का ते?"

जाताना माझा नंबर मागून घेतला. काही निघालं तर कळवतो म्हणे.

हायवेला येऊन रिक्षाची वाट बघत माझ्या मित्राला फोन लावला. हा धडगावचा, सातपुड्यातला, माझ्याच बॅचला आहे, आडनाव पावरा, म्हणजे आदिवासी. त्याला सगळं रंगवून सांगितलं, दशम्या, ठसका, कैद, तो खूप हसला. मग म्हणाला, मी मागच्या आठवड्यात सहा खोल्या पाहिल्या. पाहिल्या म्हणजे गेटपर्यंत गेलो. सहाही 'कालच गेल्या'. नाव सांगेपर्यंत असतात रे, नाव सांगितलं की जातात. आणि पुढे म्हणतो कसा, "तुला चहा दिला ना?"

मी काय बोलणार. मी 'सातबाऱ्यावरचे' म्हणून विनोद मारून आलो होतो, आणि तो विनोद मारायची ऐपत कुठून येते ते मला त्या रिक्षात बसेपर्यंत सुचलं नव्हतं. वर आम्ही दोघं आता मिळून खोली शोधतोय, म्हणजे फोनवर मी बोलायचं आणि गेल्यावर दोघांनी जायचं असं ठरलंय. त्याला ही आयडिया फारशी पटलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटते.

बाकी ज्या खोल्या बघायला मिळाल्या त्यांचं काय सांगू. 'विद्यार्थ्यांसाठी खास' म्हणजे गच्चीवर टाकीशेजारी पत्र्याचं शेड, ज्यात मे महिन्यात पापड आपोआप भाजून निघतील, 'कूलरची सोय' म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, कूलर तुमचा, स्टँड तुमचा, त्याचं लाईटबिल वेगळं, आणि एका ठिकाणी तर कूलरमध्ये टाकायचं पाणी पण वेगळं. एका काकूंनी सांगितलं की रात्री नऊनंतर गेट बंद, मी म्हटलं लॅबला उशीर झाला तर, त्या म्हणाल्या मग लॅबमध्येच झोपायचं.

संध्याकाळी स्टेशनवर मायचा फोन.

"भेटनी का खोली?"

"नही."

"जेवना का मंग?"

"नही ना. दशम्या एक काकानी खाई टाक्यात."

"कोन काका?"

"माले काय मालूम!"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग नानांना ओरडून सांगितलेलं ऐकू आलं की पोरगा उन्हाने भ्रमिष्ट झालाय.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला मला काकांचा गुलाबाच्या फुलाचा फोटो येतो, 'शुभ सकाळ'. दुपारी घरगुती उपाय येतात. परवा ॲसिडिटीवर आला, तो ठेच्याचा टोमणा होता का माहीत नाही. आणि काल रात्री एक फॉरवर्ड आला, 'विद्यापीठाजवळ, खोटेनगर, सिंगल रूम, हवेशीर, भाडे ४०००'. खाली फोटो. हिरवी बादली, खिळ्याला मागच्या वर्षीचं कॅलेंडर.

मी फोटो मोठा करून तीनदा पाहिला. काय लिहावं ते सुचेना, नुसते हात जोडल्याची इमोजी पाठवली.

लगेच दोन निळ्या टिक. मग 'टायपिंग' बराच वेळ. मग आलं, "ठेचा घरचा होता का विकतचा".