दोरावरच्या पोरांविषयीचा तो मेसेज, आणि त्यातला जीवघेणा पाचवा मुद्दा

‘सावधान पालकांनो’ असं लाल अक्षरांत लिहिलेला एक मेसेज सध्या सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. वर उंच चिमणीला लोंबकळणाऱ्या माणसाचा फोटो, खाली पाच मुद्दे, शेवटी ‘एक जागरूक नागरिक’. मुद्दे असे: ही मुलं एकाच दोरीवर जीव टांगतात, उंचीची भीती मारायला त्यांना रोज नशा करावी लागते, पाच दिवसांचा कोर्स करून बोगस सर्टिफिकेट मिळवतात, त्यांना कुठलाच विमा मिळत नाही, आणि पाचवा, दोरीवर लटकलेल्या माणसाला खाली आणलं की अर्धा तास आडवं करू नका, उभा किंवा बसता ठेवा, नाहीतर पायात साचलेलं ‘विषारी रक्त’ हृदयात जाऊन तो जागीच जातो. तळाला सल्ला: अशा मुलाला मुलगी देताना दहा वेळा विचार करा.

आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो टाकणाऱ्या अण्णांना माहीत होतं की माझ्या मावसबहिणीचा मुलगा हेच काम करतो. चिमण्या, बॉयलर, सायलो, पवनचक्क्यांची पाती, जिथे परांची बांधणं परवडत नाही किंवा जमत नाही तिथे दोरावर उतरून तपासणी, वेल्डिंग, रंगकाम करायचं. त्याला ‘रोप ॲक्सेस’ म्हणतात. ताईच्या घरी बार्शीकडच्या स्थळाची बोलणी चालू होती. मेसेज तिकडेही पोचला आणि बोलणी थांबली. अण्णांना विचारलं तर म्हणाले, ‘अरे, चांगल्यासाठीच टाकलंय की.’ बरं. आता मीही चांगल्यासाठीच लिहितो. मी साखर कारखान्यात सेफ्टी बघतो, दर ऑफ सीझनला ही पोरं माझ्यासमोर दोर बांधतात.

सुरुवात पाचव्या मुद्द्यापासून करतो. बाकीचे चार वाचून एखादं लग्न मोडेल. हा वाचून माणूस मरेल.

यात अर्धं खरं आहे, ते आधी कबूल करतो. हार्नेसमध्ये, म्हणजे दोराला जोडायला अंगाभोवती बांधलेल्या पट्ट्यांत, निश्चल लटकणं खरोखर धोक्याचं असतं. एरवी आपण चालतो, पाय हलवतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू शिरांमधलं रक्त वर ढकलत असतात. माणूस हालचाल न करता उभा लटकला की हे ढकलणं थांबतं, रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं आणि शुद्ध हरपू शकते. जमिनीवर चक्कर आली तर माणूस पडतो, आडवा होतो आणि रक्त आपोआप डोक्याकडे येतं. हार्नेस त्याला पडूच देत नाही. वर मान लुळी पडून श्वास अडकू शकतो. हे सगळं काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणूनच शुद्धीत लटकलेल्या माणसाला पाय हलवत राहायला, पायाखाली दोराचा फास घेऊन त्यावर भार द्यायला शिकवतात.

इथवर ठीक. पण म्हणून खाली आणल्यावर त्याला उभा ठेवायचा? मेंदूला रक्त पोचत नव्हतं म्हणून जो बेशुद्ध झाला, त्याला पुन्हा त्याच स्थितीत अर्धा तास ठेवायचा, याला उपचार म्हणायचं की राहिलेलं काम पुरं करणं? आणि श्वास थांबला असेल तर छाती दाबणार कुणाची, बसलेल्या माणसाची?

हा सल्ला आला कुठून, तेही सांगतो, कारण तो अण्णांनी शोधलेला नाही. १९७२ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला डोंगरी बचावकार्य करणाऱ्या डॉक्टरांची परिषद झाली. दोरावर लटकलेले काही गिर्यारोहक सुटका झाल्यावर थोड्याच वेळात दगावले, अशी प्रकरणं तिथे मांडली गेली. आडवं केल्यावर पायांतलं रक्त एकदम हृदयाकडे धावतं आणि हृदयाला तो भार झेपत नाही, असा तर्क त्यातून पुढे आला. तर्काला कुणीतरी ‘तीस मिनिटं’ चिकटवली, ती सेफ्टीच्या पुस्तिकांत आणि पोस्टरांवर गेली, आणि पोस्टरवर छापलेलं आपल्याकडे कोण तपासतो?

ब्रिटनमध्ये तपासलं. तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेने, हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने, आपल्या प्रयोगशाळेकडून यावरचा सगळा वैद्यकीय पुरावा चाळून घेतला आणि २००९ मध्ये अहवाल काढला. क्रमांक आरआर ७०८, इंटरनेटवर फुकट आहे, ज्याला शंका असेल त्याने वाचावा. निष्कर्ष सरळ आहे: सुटका केलेल्या माणसाला बसतं किंवा उभं ठेवावं याला आधार सापडत नाही, अर्धवट शुद्धीत किंवा बेशुद्ध असलेल्याला नेहमीच्या प्रथमोपचाराप्रमाणे आडवंच करावं. म्हणजे शुद्ध नाही पण श्वास चालू आहे तर कुशीवर वळवा, श्वासमार्ग मोकळा ठेवा. श्वास नाही तर छाती दाबायला लागा. १०८ ला फोन करा आणि किती वेळ लटकला होता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. शुद्धीवर आला, चालायला लागला, तरी दवाखान्यात न्याच.

हा एक मुद्दा तरी ज्याने ज्याने पुढे पाठवला त्याने त्याच ग्रुपवर खोडून काढावा. आपल्या जिल्ह्यात तिसाहून जास्त साखर कारखाने आहेत, प्रत्येकाला चिमणी आहे, आणि लटकलेल्या माणसाला खाली घेणाऱ्या हेल्परच्या खिशातही हाच मोबाइल आहे.

आता ‘एकच दोरी’. मेसेजबरोबरचा फोटो जरा मोठा करून बघा. माणसाच्या छातीपासून वर दोन दोर गेलेले स्वच्छ दिसतात, एक पांढरा, एक निळा. ज्या फोटोखाली ‘एकाच दोरीवर जीव’ लिहिलंय त्याच फोटोत दोन दोर! लिहिणाऱ्याने स्वतःचा पुरावासुद्धा बघितला नाही. (आणि ती चिमणी सोलापूरची नाही. चिमणीच्या बाबतीत सोलापूरकराला फसवू नये. सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीवरून या शहरात वर्षानुवर्षं राजकारण तापलं, आणि जून २०२३ मध्ये ती पाडली तेव्हाचा व्हिडिओ घराघरात फिरला.)

या कामाचं मूळ व्याकरणच दोन दोरांचं आहे. एक कामाचा दोर, ज्यावर डिसेंडर, म्हणजे उतरायचं उपकरण, लावून माणूस उतरतो आणि हात सोडून थांबतो. दुसरा बॅकअपचा, ज्यावर वेगळं उपकरण त्याच्यासोबत सरकतं आणि झटका बसला की पकडतं. दोन्ही दोरांना वेगवेगळे अँकर, म्हणजे दोर बांधायच्या भक्कम जागा. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांत हे कायद्यानेच घातलंय: दोन दोर, स्वतंत्र बांधलेले, आणि दुसऱ्या दोरामुळे उलट धोका वाढतो असं दाखवता आलं तरच एकाला सूट. आयएसओ २२८४६ हे आंतरराष्ट्रीय मानक खास याच कामासाठी आहे, पहिला भाग २००३ चा, दुसरा २०१२ चा.

दोर ‘तुटतो’ हेही लोकांच्या डोक्यातलं चित्र. माणसाच्या वजनाने चांगला दोर तुटत नाही. तो कापला जातो, धारदार पत्र्याच्या कडेवर घासून. किंवा जळतो, वेल्डिंगच्या ठिणगीने, गरम पाइपने. किंवा आतून कुजतो, आणि हे मला सगळ्यात जास्त घाबरवतं, कारण ते दिसत नाही. हे दोर बहुतेक नायलॉनचे. नायलॉनला ॲसिड खातं. कारखान्यात साफसफाईच्या रसायनांच्या कॅनशेजारी कुणी दोराची पिशवी ठेवली तर मी आधी पिशवी उचलतो, मग माणसाला शोधतो. असा दोर शंका आली की बादच करायचा, गुरं बांधायलासुद्धा द्यायचा नाही, कारण गुरं बांधलेला दोर फिरून परत कुणाच्या कमरेला येईल सांगता येत नाही.

पण एक दोरीवाला माणूस सोलापुरात नाहीच असं मी म्हणणार नाही. आहे. होटगी रोडला, जुळे सोलापुरात, कुठल्याही नव्या इमारतीचा रंग चालू असताना वर बघा. फळीचा झुला, टाकीच्या पायाला गुंडाळलेला एक दोर, पायात स्लीपर, आणि हेल्मेट असलंच तर ते खाली सळईला अडकवलेलं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक हेच पाहिलंय आणि सगळ्यांना एका माळेत ओवलंय. त्या रंगाऱ्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही. त्याला दोर कोण देतं, कंत्राटदार की सोसायटीचा चेअरमन, हा प्रश्न नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३२ ने पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर बंदोबस्त करायची जबाबदारी मालकावर टाकली होती, बांधकामावरच्या मजुरांसाठी १९९६ चा वेगळा कायदा झाला, आता नव्या संहिता आल्या. कागद कधीच कमी नव्हते. पण ‘मालकांनो सावधान’ असा मेसेज मला अजून आलेला नाही.

नशेचं बोलायचं तर मला राग आवरत नाही. दोरावरच्या माणसाला एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने दोराचा शेपटा धरून उतरायचं असतं. प्रत्येक गाठ, प्रत्येक कॅराबिनरचं (जोडकडीचं) लॉक जोडीदाराकडून तपासून घ्यायचं असतं. पिऊन हे होत नाही. भीती जायला हवी हेच मुळात चूक आहे. ज्याची गेली त्याला मी वर सोडत नाही. एखादा पिऊन आलाच तर तो गेटवरून परत जातो, आणि परत पाठवणारा बहुतेक वेळा त्याच्याच टीमचा असतो, कारण वर अडकला तर त्याला आणायला यांनाच उतरायचं असतं.

या पोरांना खरा त्रास कशाचा, ते मेसेजमध्ये नाहीच. गाळप संपतं तेव्हा उन्हाळा लागतो, आणि दुरुस्तीची सगळी कामं त्याच महिन्यांत. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो हे मी सोलापूरकरांना सांगायला नको. पत्र्यावर हात ठेववत नाही, हार्नेस अंगाला चिकटतो, घामाबरोबर ताकद जाते. म्हणून कामाला पहाटे हात घालतात आणि दुपारी थांबतात. दुसरं, आग्या मोहोळ. चिमणीच्या प्लॅटफॉर्मखाली, पाण्याच्या टाकीखाली हमखास. दोरावरच्या माणसाला पळायला जागा नसते. तिसरं, वळवाचा पाऊस. अर्ध्या तासात आभाळ भरून येतं, आधी वारा सुटतो, मग विजा. हे लिहिलं असतं तर मीच मेसेज पुढे पाठवला असता.

कोर्सच्या बाबतीत मात्र मेसेजला थोडे गुण देतो, नाइलाजाने. हो, पहिल्या लेव्हलचं प्रशिक्षण कमीत कमी चार दिवसांचं आणि पाचव्या दिवशी परीक्षा. या कामाची इराटा नावाची मूळची ब्रिटिश संघटना आहे, जगभर तिचं सर्टिफिकेट चालतं. पण परीक्षा घेणारा शिकवणाऱ्या कंपनीचा नसतो, बाहेरचा असतो. आणि पाच दिवसांत मिळते ती फक्त देखरेखीखाली काम करायची परवानगी. लेव्हल टूला जायला किमान एक वर्ष आणि दोरावरचे १००० तास लॉगबुकात दिसावे लागतात. तिथून लेव्हल थ्रीला पुन्हा एक वर्ष आणि पुन्हा १००० तास. दर तीन वर्षांनी परत परीक्षा. कामावर कमीत कमी दोघं, त्यातला एक लेव्हल थ्री. बोगस सर्टिफिकेटं आहेत, आखातात मोठ्या पगाराचं गाजर दाखवून पोरांकडून पैसे उकळणारे एजंटही आहेत. पण सर्टिफिकेटवरचा क्रमांक संघटनेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तेवढं केलं तर एजंटचं दुकान चालणार नाही.

संघटना दरवर्षी अपघातांचा आणि कामाच्या तासांचा अहवालही काढते. मात्र ती आकडेवारी सदस्य कंपन्यांनीच दिलेली असते, त्यामुळे तिच्या जोरावर ‘सगळं सुरक्षित आहे’ असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणू नये.

विमा मिळतो. प्रस्तावात काम खरं लिहावं लागतं, हप्ता वाढू शकतो, आणि लपवून ‘ऑफिस जॉब’ लिहिलं तर दावा अडकतो. या मुद्द्यावर एवढंच.

ताई, तुला आणि बार्शीच्या मंडळींना पोराला काही विचारायचंच असेल तर हे विचारा. तुझा दुसरा दोर कुठे बांधतात आणि तो कोण तपासतं? आज साइटवर लेव्हल थ्री कोण आहे? तू वर बेशुद्ध झालास तर तुला खाली कोण आणणार, आणि किती मिनिटांत? तिसऱ्याचं उत्तर ‘फायर ब्रिगेडला फोन करू’ असं आलं तर त्या कंपनीत त्याला एक दिवसही ठेवू नका. गाडी फाटकातून आत येऊन शिडी लागेपर्यंत तो वर लटकलेलाच असेल. सुटकेचा आराखडा काम सुरू व्हायच्या आधी लिहिलेला असायला हवा, वर्क परमिटला, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीला, जोडलेला, आणि ती सुटका करायचा दोर आधीच लावून ठेवलेला. आमच्याकडे तो कागद नसेल तर परमिटवर मी सही करत नाही, मग बॉयलरचं काम दोन दिवस लांबलं तरी.