ऐंशी माणसं मेली त्याचं काय?

रविवारी रात्री, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा कट्टा, आम्ही नेहमीचे चौघं. बाळ्या आल्या आल्या वैतागलेला. पोराने वाढदिवसाला लोकीचा, म्हणजे मार्व्हलच्या सिनेमांतल्या खलनायकाचा, शिंगांचा मुकुट मागितला होता. त्याचा भाऊ थॉर, तो नायक, पण त्याचा हातोडा नको म्हणे.

"न्यूयॉर्कची वाट लावली त्या लोकीने, आणि आमच्या दिवट्याला त्याचीच शिंगं हवीत!"

"दिसायला बरा आहे रे तो," अप्पा म्हणाला. "टॉम हिडलस्टनच्या जागी दुसरा कोणी घेतला असता, तर बघितलं नसतं कुत्र्यानेही."

"असं?" मंदी म्हणाली. "मग थॉरच्या दुसऱ्या भागातल्या मुख्य व्हिलनचं नाव सांग. २०१३ चा सिनेमा. पांढराफटक चेहरा, टोकदार कान, अख्खं विश्व अंधारात बुडवायला निघालेला. नट साधासुधा नव्हता, क्रिस्टोफर एकलस्टन होता."

अप्पाने चहाचा ग्लास खाली ठेवला, आभाळाकडे बघितलं. नाही आलं. आठवत मलाही नव्हतं, पण मी गप्प बसलो.

"आता लोकी आठव त्याच सिनेमातला. कोठडीत. आई भेटायला येते, म्हणजे तिची नुसती छबी. ही विद्या तिनेच त्याला शिकवलेली. तो रागाने म्हणतो, तू माझी आई नाहीस. मग हात पुढे करतो, तर हात आरपार. संपलं, पुन्हा भेट नाही. वर कहर काय, तर तुरुंग फोडून निघालेल्या राक्षसाला यानेच खवचटपणे वाट सांगितलेली असते, डावीकडच्या जिन्याने जा म्हणून. तोच राक्षस पुढे आईला मारतो."

"हे विसरलोच होतो," बाळ्या पुटपुटला.

"नंतर थॉर भेटायला येतो. लोकी कसा, कडक इस्त्रीतला, केस जागच्या जागी. थॉर म्हणतो, सोंगं पुरे. ते चित्र विरतं. मागे खरा लोकी, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला, अनवाणी, केस पिंजारलेले, सगळं सामान उलटंपालटं. फसवणारा बघायला मजा येते रे, पण जीव लागतो तो सोंग उतरल्यावर."

बाळ्या एवढ्याने विरघळणारा नाही. "ते सगळं ठीक. २०१२ च्या अ‍ॅव्हेंजर्समध्ये थॉरची साथीदार नताशा त्याला तोंडावर सांगते ना, तुझ्या भावाने दोन दिवसांत ऐंशी माणसं मारली म्हणून? आणि थॉर काय म्हणतो? दत्तक आहे तो! थिएटर हसून हसून लोळलं, मी पण. ऐंशी मढी हसण्यावारी नेली आपण."

"मी नव्हतो हसलो," अप्पा म्हणाला.

अप्पा चुलत्यांना दत्तक गेलेला. आम्हाला माहीत होतं सगळ्यांना. पण रोजच्या माणसाचं असलं काही कुठे लक्षात राहतं? टपरीवाल्याने नेमकं तेव्हाच स्टोव्हला पंप मारायला घेतला, बरं झालं.

"पहिल्या भागात," अप्पा सावकाश बोलायला लागला, "आपण शत्रूच्या घरातले आहोत हे त्याला कळतं. बाप ओडिन सांगतो, दोन राज्यं जोडण्यासाठी तुला आणला. लोकी म्हणतो, म्हणजे तळघरात ठेवलेल्या लुटीच्या मालातलाच मी एक. आणि बापाला उत्तर द्यायच्या आत गाढ झोप लागते! नेमकी तेव्हाच! ज्याने हे लिहिलं त्याला आपण मानतो."

"मघाशी तर नुसता देखणा होता तो," मी म्हटलं.

"देखणा आहेच."

मंदीने मग आइसलँड काढलं. तेराव्या शतकात तिथे लिहून ठेवलेल्या जुन्या कथांत लोकी हा ओडिनचा मुलगा नाहीच, रक्ताची शपथ घेऊन झालेला भाऊ आहे. थॉरचा भाऊ त्याला मार्व्हलने केला, साठच्या दशकात, कॉमिकमध्ये. मूळ कथेत त्याला खडकांना बांधून घालतात आणि तोंडावर सापाचं विष ठिबकत ठेवतात. बायको सिगिन वाडगं धरून बसते. वाडगं भरलं की ओतायला तिला उठावं लागतं, तेवढ्यात विष तोंडावर पडतं, तो तडफडतो आणि भूकंप होतो.

"बघा! तिथे निदान शिक्षा तरी झाली," बाळ्या.

इथे मात्र मी बाळ्याच्या बाजूने आहे, थोडासा. त्या ऐंशी माणसांना चेहराच दिलेला नाही. लोकीच्या हातून मरणाऱ्यांत आपल्या ओळखीचा होता तो एजंट कोल्सन, आणि त्यालाही पुढच्याच वर्षी टीव्ही मालिकेत पुन्हा उठवून बसवला. बाकीच्यांची आई कुठल्या कोठडीत भेटायला आली, ते कोण दाखवणार? लोकी फसवतो तो थॉरला. आपल्याला फसवतो तो कॅमेरा.

मंदीला हे पटलं नाही. "ऐंशी जणांची ऐंशी तेरावी दाखवली तर सिनेमा कोण बघेल?" म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि साडेअकरा वाजून गेले होते.

मुकुटाचं ठरलं एवढंच, की पुठ्ठ्याचा करायचा, सोनेरी कागद लावून. अप्पा करून देणार म्हणाला. त्याचा हात चांगला आहे त्यात.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर अप्पाचा मेसेज पडला. एकच शब्द.

"मॅलेकिथ!!!"

खाली मंदीचा अंगठा. म्हणजे तीही जागीच होती.