स्वादुपिंडाची तोंडी परीक्षा

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव निमूटपणे राबत असतो, याची दखल मी पन्नाशी उलटेपर्यंत घेतली नव्हती. वार्षिक तपासणीत उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असायला हवी होती ती ११२ निघाली, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणखी तीन तपासण्या लिहून दिल्या.

परीक्षा जवळ आली की अभ्यास करावा, या जुन्या सवयीने मी तीन दिवस भात सोडून कारल्याचा रस प्यायलो. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतील ताईंनी हा पराक्रम ऐकून मला घरी पाठवले. कारण ग्लुकोजच्या चाचणीआधी तीन दिवस नेहमीसारखे, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे जेवायचे असते, नाहीतर निकाल फसवा येतो. वैद्यकीय आज्ञेने भात खाण्याचे ते तीन दिवस मी ज्या निष्ठेने पाळले, तेवढ्या निष्ठेने आजवर एकही पथ्य पाळलेले नाही.

मग रात्रभर कडकडीत उपास. (आमच्या घराण्यात उपास साबुदाण्याच्या खिचडीसकट येतो, त्यामुळे हा कोरडा प्रकार मला नवा होता.) सकाळी पहिले रक्त काढल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेला पेला पाच मिनिटांत संपवण्यासाठी माझ्या हाती आला. चहात दुसरा चमचा साखर पडावी म्हणून गेली पंचवीस वर्षे मी घरी निष्फळ लढा देत आहे, आणि इथे जवळजवळ पंधरा चमचे एका पेल्यात, तेही घरच्यांच्या संमतीने! फक्त त्यात चहा नव्हता. चौथ्या घोटाला जिभेने आणि सहाव्याला घशाने असहकार पुकारला.

पुढचे दोन तास चालायचे नाही, खायचे नाही, नुसते बसायचे. शेजारच्या आजोबांनी ‘‘तुमची किती?’’ असे, गावाकडच्या पावसाची चौकशी करावी तसे, विचारले. माझे ११२ ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर पट्टीच्या खेळाडूने नवशिक्याकडे पाहावे तसे वात्सल्य उमटले.

बाकीच्या दोन तपासण्यांपैकी एचबीए१सी म्हणजे चित्रगुप्ताची वही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांतले लग्नातले जिलबीचे ताट तिथे नोंदलेले असते. तीन दिवसांच्या कारल्याला ती वही भीक घालत नाही. मला मनापासून आवडले ते सी-पेप्टाइड. स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होताना त्याच्या प्रत्येक रेणूमागे हा एक तुकडा सुटतो. इन्शुलिन यकृतात बरेचसे खर्ची पडते आणि रक्तात काही मिनिटेच टिकते, पण हा तुकडा जास्त वेळ रेंगाळतो. तेव्हा रस्त्यावरच्या गुऱ्हाळात चिपाडांच्या ढिगावरून रस किती गाळला ते ओळखावे, तसा हा हिशेब.

अहवाल आला. दोन तासांनंतरची साखर १५१, म्हणजे १४० च्या वर आणि २०० च्या खाली, एचबीए१सी ५.९. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबऱ्यावर. सी-पेप्टाइड मात्र भरघोस होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘स्वादुपिंडाची काही कसूर नाही. ते जादा पाळी करून इन्शुलिन बनवतंय, शरीरच त्याचं ऐकत नाही.’’

हिने तो कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून शांतपणे वाचला आणि म्हणाली, ‘‘बिचारं! पंचवीस वर्षं माझंही तेच चाललंय.’’