खून, सोनं आणि न्यूटन

दिवसा कॉलेजात न्यूटन शिकवायचा आणि रात्री जेवणं उरकली की माणसं मारायची, हा माझा दिनक्रम. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचा साधा चहाही नाही. तरी थरारकादंबरीची खाज जात नाही. पंचाईत एवढीच की, माझ्यातला फिजिक्सचा मास्तर माझ्यातल्या खुन्याच्या मानगुटीवर बसलेला असतो.

खलनायकाला दहाव्या मजल्यावरून ढकललं. पडता पडता तो सूडाची सगळी हकीकत सांगतो, अशी झकास दोन पानं झाली. मग हात शिवशिवले. ३० मीटर, म्हणजे जमीन गाठायला अडीच सेकंद. तेवढ्यात ‘अहो, ऐका तर’ एवढंच बोलून होतं.

बरं, गोळी घालावी? सिनेमात गोळी लागलेला माणूस काच फोडून पलीकडच्या खोलीत जाऊन पडतो. ८ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ३५० मीटर वेग, समोर ७० किलोचा गृहस्थ. संवेगाचं गणित मांडलं, तर तो मागे जाणार सेकंदाला ४ सेंटिमीटरने. आमचे मामा लग्नाच्या पंगतीतून उठतात त्या वेगाने!

खरा छळ मांडला तो सोन्याने. नायक दादरला ४० लिटरची, सोन्याने ठासून भरलेली बॅग घेऊन चालत्या लोकलमध्ये उडी मारतो. सोनं पाण्याच्या १९ पट जड. बॅग झाली साडेसातशे किलोंच्या वर. उचलायला क्रेन हवी, आणि क्रेनला विरारच्या डब्यात कोण चढू देणार?

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती उतरवून दिली. (आद्याक्षरं उलटी केली आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. याला म्हणतात रहस्य!) हा किस्सा मी मोठ्या आशेने घरात सांगितला. “अहो, तुमचं अक्षर ओळखायला आधी ते वाचता यायला नको का?” एवढं बोलून ही भाजी निवडायला बसली.

शेवटी हस्तलिखित मीच टाइप करून दिलं. संपादकांचा फोन आला, “सर, गणितं सगळी बरोबर आहेत, पण तीनशे पानांत मेलं कोणीच नाही!”

“हृदयविकाराचा झटका चालेल?” मी विचारलं.

“चालेल. पण तो बायोलॉजीच्या मॅडमकडून लिहून घ्या. तुम्ही रक्ताचा दाब पास्कलमध्ये द्याल.”