पंखा फिरला म्हणून एसएमपीएस पास होत नाही

‘कॉम्प्युटर चालूच होत नाही? एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर पेपरक्लिपने काळ्या वायरला जोडा. पंखा फिरला तर एसएमपीएस ठणठणीत, म्हणजे मदरबोर्ड गेला. नाही फिरला तर एसएमपीएस गेला, उघडून फ्यूज बदला.’ हा मजकूर बराच फिरतो. त्यातली क्लिपची युक्ती खरी आहे, पण तिच्यावरून काढलेले निष्कर्ष कच्चे आहेत आणि शेवटचा सल्ला तर जिवावर बेतणारा.

पहिलं, ‘पंखा फिरला तर ठणठणीत’. हिरवी वायर म्हणजे १६ नंबरची पिन. ती काळीला टेकली की एसएमपीएसला ‘सुरू हो’ एवढाच निरोप जातो. पंखा हा किरकोळ भार, तो ७ व्होल्टवरही फिरतो. कॉम्प्युटरचं तसं नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६०, ५ ची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७ व्होल्टमध्येच राहायला हवी, तीही पूर्ण भार असताना. कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग) थकले असतील तर रिकाम्या लाइनवर आकडे छान दिसतात आणि ग्राफिक्स कार्डाने ओढ घेतली की लाइन बसते. गेम सुरू होताच मशीन रीस्टार्ट होतं ते अनेकदा यामुळेच.

म्हणून मोजायचं ते सगळं जोडलेलं असताना, मशीनला जड काम देऊन. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब काळ्या वायरवर आणि लाल प्रोब कनेक्टरच्या मागून, वायर आत शिरते तिथून घाला. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. प्रोब घसरून दोन पिना एकत्र टेकू देऊ नका. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर रंगावर न जाता पिनांच्या आकृतीवरून मोजा. एवढं करूनही रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक वेगवान चढउतार, साध्या मीटरवर कळत नाही. १२ व्होल्टच्या लाइनवर त्याची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे आणि ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो. घरी शेवटचा निकाल चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावूनच लागतो. तो लावताना केबलही त्याच्याच वापरा. मॉड्युलर (एसएमपीएसपासून काढता येणाऱ्या) केबलचं एसएमपीएसकडचं टोक बसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग हार्ड डिस्क जळते.

दुसरं, ‘नाही फिरला तर गेला’. काही एसएमपीएसचा पंखा भार आणि तापमान वाढेपर्यंत मुद्दामच बंद असतो. काही जुने एसएमपीएस भार नसेल तर चालूच राहत नाहीत. शॉर्टमुळे संरक्षण लागलं असेल तर अनेकदा कॉर्ड मिनिटभर काढून ठेवल्यावरच ते सुटतं. आधी जांभळी वायर मोजा, ९ नंबरची पिन. मागचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही तिथे ५ व्होल्ट मिळायलाच हवेत. शून्य असेल तर प्लग, कॉर्ड आणि मागचं बटण तपासून मगच एसएमपीएसला नाव ठेवा.

तिसरं, ‘म्हणजे मदरबोर्ड गेला’. सगळ्यात जास्त पैसे इथे फुकट जातात. क्लिप काढून, कनेक्टर बोर्डाला जोडलेला असतानाच हिरवी वायर मोजा: मशीन बंद असताना ५ व्होल्टच्या आसपास, बटण दाबताच शून्याजवळ. खाली येतच नसेल तर आधी कॅबिनेटच्या बटणावर संशय घ्या. त्याची वायर काढून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष त्या बटणाचा, बोर्ड निर्दोष.

हिरवी खाली आली, पंखा अर्धा वेढा फिरला आणि थांबला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. दर वेळी कॉर्ड काढून ग्राफिक्स कार्ड, ड्राइव्ह, पुढचे यूएसबी एकेक करून बाजूला करा. शेवटी प्रोसेसरची ८ पिनांची केबल काढा. ती काढल्यावरच पंखा टिकला तर दोष बोर्डाच्या प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागात किंवा प्रोसेसरमध्ये असण्याची शक्यता मोठी. उलट पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, असं असेल तर तीच केबल नीट बसली आहे का ते बघा, आणि करडी वायर, म्हणजे ८ नंबरची पिन, मोजा. तिथे ५ व्होल्टच्या आसपास आले नाहीत तर बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो, म्हणजे कामाला लागूच देत नाही. तेव्हा दोष बहुधा एसएमपीएसचाच, पंखा कितीही जोरात फिरो.

राहिला फ्यूज. तो उगाच उडत नाही. बहुधा आतला ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा मॉस्फेट (वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट झालेला असतो, त्यामुळे नवा फ्यूजही लगेच उडतो. शिवाय अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि कॉर्ड काढल्यावरही तो टिकून राहू शकतो. बंद पडलेल्या एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, अख्खा एसएमपीएस बदला.