‘बायकोला टाकून गेलेला माणूस कुटुंबवत्सल कसा?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळी खरडून मोकळं होण्यापेक्षा वेगळं उत्तर लिहितोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ९ मे हा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा स्मृतिदिन. त्या निमित्तानं मी लिहिलं होतं आणि कवी, पाळक आणि कुटुंबवत्सल माणूस अशी त्यांची आठवण काढली होती. तुमचं म्हणणं असं की, ज्यानं बायकोला अंधारात ठेवून धर्म बदलला, जिला लहानग्या दत्तूला घेऊन चार-पाच वर्षं नातेवाइकांच्या आसऱ्यानं काढावी लागली, त्याला कुटुंबवत्सल म्हणणं म्हणजे दगडाला शेंदूर फासणं. शिवाय टिळक नगरचे, त्यांना ओढूनताणून नाशिकचे करू नका, हेही.

नगरचं आधी उरकतो. त्यांच्या उमेदीची वर्षं नगरला गेली, कबूल. पण आई लहानपणीच गेली, तापट बापाशी पटेना, तेव्हा घर सोडलेला हा कोकणातला मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. बायको इथलीच, गोदाकाठच्या जलालपूरची, गोखल्यांची मनू, म्हणजेच लग्नानंतरच्या लक्ष्मीबाई. त्या १९३६ साली गेल्या त्याही नाशिकमध्ये. एवढं पुरे.

आता मुख्य मुद्दा. टिळक संसारी म्हणून बेभरवशाचे होते, हे मीच काय, खुद्द लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. न सांगता घरातून निघून जायचे. राग नाकावर, आणि तो उतरला की पश्चात्तापही तितकाच मोठा. पैसा हातात टिकत नसे. तुम्ही यादी केलीत त्यात मी अजून भर घालतो: १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढायचा म्हणून त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, तेव्हा घर चालवायचं कसं हा प्रश्न कुणाच्या माथी आला असेल ते सांगायला नको. हे सगळं झाकून स्मरणलेख लिहिता येतो, अनेकांनी लिहिलेही आहेत. मला ते जमत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही.

पण तुम्ही १८९५ वर थांबलात. त्या वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाशिकला ख्रिस्ती माणूस काही नवा नव्हता, शरणपूरची वस्ती १८५४ पासूनची. पण चित्पावनाच्या घरात हे घडणं म्हणजे घरावर वीज पडणं. लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली हे त्यांच्याच शब्दांत वाचावं, मी त्यात पाणी घालणार नाही. तुमचा राग तिथपर्यंत शंभर टक्के रास्त आहे.

पुढचं बघा. १८६६ चा एक कायदा होता, ख्रिस्ती झालेल्यांच्या विवाहविच्छेदाचा. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि त्या कारणावरून जोडीदारानं सहा महिने संसार नाकारला, तर धर्म बदललेल्याला कोर्टात जाता येई. जोडीदारानं ऐकलं नाही तर ठरावीक मुदतीनंतर लग्न मोडून दुसरं करता येई. अगदी कायदेशीर. टिळक तिशीतले, कवी म्हणून नाव होत चाललेलं. त्यांनी तो दरवाजा ठोठावला नाही. मुलाचं पालकत्व त्या काळी बापाकडे असे, म्हणजे दत्तूला घेऊन जाण्यासाठी भांडता आलं असतं. ते भांडले नाहीत. लक्ष्मीबाई पंढरपूरला, बहीण-मेहुण्यांच्या घरी होत्या. टिळक पत्रं पाठवत राहिले आणि वाट बघत राहिले. हातात कायदा असताना, आजूबाजूला सल्ले देणारे असताना वाट बघणं ही मला तरी लहान गोष्ट वाटत नाही.

आणि त्या परत आल्या तेव्हा काय झालं? माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर इथे आहे. ज्या घरात त्या वाढल्या ते घर आठवा. आजोबांना १८५७ च्या प्रकरणात फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांनी सोवळ्याचं असं वेड घेतलं की बाजारातून आलेलं धान्यही धुतल्याशिवाय घरात यायचं नाही. अशा घरातली बाई ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात पाऊल टाकते, तीही धर्म न बदलता. नगरला त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं. मिशनचं काम करणाऱ्या, बाहेर जातिभेदावर तुटून पडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात बायको सोवळ्यात स्वयंपाक करतेय आणि तो ते चालू देतोय! त्यावर मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुजबुज झालीच नसेल असं मला वाटत नाही. पुढे राहुरीत जात ही माणसानं केलेली आहे हे लक्ष्मीबाईंना पटलं, ते त्यांच्या त्यांना. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तोवर टिळक थांबले. फटकळ, उतावळा, क्षणात पेटणारा माणूस या एका बाबतीत थांबला.

तुम्ही म्हणाल, आधी टाकलं नसतं तर थांबायची वेळ आली नसती. बरोबर. त्या वर्षांची भरपाई होत नाही, आणि मी ती झाली असं कुठे म्हणतही नाही. एवढंच म्हणतो की माणसाचा हिशेब मांडायचा तर वहीची दोन्ही पानं उघडावीत.

त्या घरात पुढे कोण कोण राहून गेलं तेही बघा. बालकवी ठोंबरे घ्या. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला हा पोरगा नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला, घरातलाच झाला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. अर्थात चार माणसं घरी आणून बसवणारा एक आणि त्यांना जेवू घालणारी दुसरी, ही वाटणी काही न्यायाची नव्हे. इथे तुमची बाजू मजबूत आहे, हे तुमच्या आधी मीच सांगतो.

तुमची शेवटची ओळ मात्र पटली नाही: ‘लक्ष्मीबाईंनी लिहिलं नसतं तर टिळकांना कोण विचारतं?’ आमच्याकडे दर रविवारी उपासनेत त्यांची गीतं म्हटली जातात. म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांनी ‘स्मृतिचित्रे’ उघडूनही पाहिलेलं नाही. ख्रिस्ती भक्तीला अभंगाची आणि कीर्तनाची चाल बसली ती मुख्यतः या माणसामुळे. उलट मला विचारायचंय, लिहायची सवय नसलेल्या त्या मुलीला अक्षरांच्या नादी लावलं कुणी? टिळकांनीच ना? पुढे ती त्यांच्याहून सरस गद्य लिहू लागली हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं यश म्हणायला हवं. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य अपुरं राहिलं, तेही तिनंच पुढे लिहून पुरं केलं. टाकलेल्या बाईनं नवऱ्याचं अर्धवट काव्य हातात घ्यावं, याचा अर्थ तुम्ही कसा लावता ते वाचायला आवडेल.

तुम्ही शाळेतल्या धड्याचा उल्लेख केलात म्हणून सुचवतो. धडा आणि संक्षिप्त आवृत्ती बाजूला ठेवा, संपूर्ण ‘स्मृतिचित्रे’ मिळवा. पंढरपूरचा भाग आणि नगरला परतल्यानंतरची पहिली काही प्रकरणं सलग वाचा. त्यानंतरही तुमचं मत तेच राहिलं तर इथेच लिहा, मी प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. भांडू.