न्यूट्रिशनची डिग्री आणि ‘वर्षात फिटणारं’ लोन

बारावीचा निकाल लागल्यापासून ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. भाचीच्या बाबांनी तो मला पाठवून ‘फॉर्म भरून टाकू का?’ असं विचारलं, तेव्हा गप्प बसवेना. दावा असा: न्यूट्रिशन सायन्सची डिग्री घ्या, 6 लाखांचं लोन नोकरीच्या पहिल्याच वर्षात फिटतं, आयकराच्या 80ई कलमामुळे व्याज फुकटात पडतं, घरबसल्या महिना लाख मिळतात, अमेरिकेत वर्षाला 60 लाख. आणि डिग्री जमत नसेल तर 3 महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेटही तेवढंच चालतं.

आधी लोन, कारण सगळ्यात मोठी थाप तीच. दर वर्षी 2 लाख असे तीन वर्षं उचलले, व्याज 11 टक्के धरलं. हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो, पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. पहिल्या 2 लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यांवर तीन, तिसऱ्यांवर दोन वर्षांचं, तेही सरळव्याजाने, म्हणजे 1 लाख 98 हजार. फेड सुरू होते तेव्हा डोक्यावर 7 लाख 98 हजार. 10 वर्षांची मुदत घेतली तर ईएमआय जवळपास 11 हजार, आणि एकूण भरणा 13 लाखांच्या वर. आता पगार 22 हजार धरू. ठाणे-नवी मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलांत नव्या मुलीला याहून कमीही सांगतात. अर्धा पगार बँकेत. वर्षभर लोकलचा पासही न काढता सगळा पगार भरला तरी 2 लाख 64 हजार होतात. मेसेजवाल्याने ही वजाबाकी तरी करायची होती.

शिवाय नुसत्या बीएस्सीवर क्लिनिकल डायटिशियनची नोकरी सहसा मिळत नाही. एमएस्सी किंवा पीजी डिप्लोमा, मग हॉस्पिटलात 6 महिन्यांची इंटर्नशिप, मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डायटिशियनची परीक्षा. इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी बिनपगारी. पुढे शिकणार असाल तर बँकेकडून हप्ता सुरू होण्याची मुदत लेखी वाढवून घ्या, नाहीतर एमएस्सी चालू असतानाच ईएमआय दारात उभा राहतो. सहकर्जदार आईवडीलच असतात. हप्ता चुकला की बाबांचाही सिबिल स्कोअर पडतो.

लोन घ्यायचंच असेल तर शिकताना निदान व्याज भरत राहा: पहिल्या वर्षी महिना 1,833, दुसऱ्या वर्षी 3,667, त्यापुढे 5,500. मुद्दल 6 लाखांवरच थांबतं आणि ईएमआय 8,265 वर येतो. काही बँका असं करणाऱ्यांना व्याजात 1 टक्का सूटही देतात. पण त्याआधी न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन, माटुंग्याचं बीएमएन अशा जुन्या होम सायन्स कॉलेजांत अनुदानित जागा आहे का, ते विचारून या. माझं मत स्पष्ट आहे: कमी फीत झाली तर ही डिग्री चांगली आहे, 6 लाखांना नाही.

80ई: वजावट फक्त व्याजाची, 8 वर्षांपर्यंत, आणि जुन्या करप्रणालीतच. 22 हजार पगारावर मुळात टॅक्सच लागत नाही, मग वाचणार काय?

घरबसल्या लाख. अशक्य नाही, पण मेसेज गणित लपवतो. 3 महिन्यांचं पॅकेज 6 हजारांना विकलं तर दर महिन्याला 17 नवे क्लायंट हवेत. म्हणजे एका वेळी 51 जण हाताशी, आठवड्याला एक फोन म्हटलं तरी महिन्याला दोनशेच्या वर फोन. शिवाय जाहिरातीचा खर्च. घोडबंदर रोडला किंवा वाशीत क्लिनिक घेतलं तर भाडं वेगळं. पाच-सात वर्षांत काहीजणी तिथवर पोचतात, पहिल्या वर्षी नाही.

अमेरिकेचा आकडा मात्र, नाइलाजाने, मान्य करावा लागतो. तिथल्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे 2023 च्या आकडेवारीत डायटिशियन-न्यूट्रिशनिस्टचं मध्यक वार्षिक वेतन (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) 69,680 डॉलर, म्हणजे जवळपास 60 लाख रुपये आहे. पण 1 जानेवारी 2024 पासून तिथल्या नोंदणी परीक्षेला बसायला मास्टर्स लागते, वर देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, आणि आपल्या डिग्रीची समकक्षता तपासून घेणं. व्हिसाचं तर मेसेजमध्ये नावच नाही.

राहिलं सर्टिफिकेट. 2021 च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोघंही आहेत. या कायद्यात ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’साठी किमान 3,600 तासांची पदवी सांगितली आहे, ‘अलाइड हेल्थ प्रोफेशनल’साठी किमान 2,000 तास. तीन महिने रोज बारा तास बसलं तरी 1,100 च्या आत. आणि हे तास कागदापुरते नाहीत. किडनीच्या 60 किलोच्या पेशंटला डायलिसिस सुरू होण्याआधी दिवसाला प्रोटीन साधारण 36 ते 48 ग्रॅम देतात, डायलिसिस सुरू झालं की 60 ते 72. पोटॅशियम वाढलेलं असताना ‘नॅचरल’ म्हणून शहाळं पाजलं, ज्यात पोटॅशियम भरपूर असतं, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डाएट चार्टचं टेम्पलेट विकणाऱ्याला हे कोण शिकवणार?

म्हणून फी भरण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या: कोर्सचे एकूण तास किती, त्यातले हॉस्पिटलातले किती, इंटर्नशिपची जागा कॉलेज देतं की आपणच शोधायची, आणि तिथे वेगळे पैसे पडतात का.